रबराचे टक्के नव्हे, ताणाचे टक्के मागा

इंदुरात पावसाळा सरत आला की दोन वाद हमखास सुरू होतात. यंदाचे खड्डे कोणामुळे पडले हा एक, आणि पुढच्या वर्षी पडू नयेत म्हणून डांबरात काय घालावे हा दुसरा. दुसऱ्या वादात जुन्या टायरच्या रबरावरून सरळ दोन तट पडतात. एका तटाला वाटते की रबर घातले की रस्ता दुप्पट टिकेल आणि गॅरेजांमागचे टायरचे ढीगही जिरतील. दुसऱ्याच्या लेखी ही ठेकेदारांची नवी दुकानदारी. माळव्याच्या काळ्या मातीवर सोन्याचा पत्रा अंथरला तरी फाटणारच, तेव्हा सिमेंट करा आणि मोकळे व्हा. तावातावाने बोलतात दोघेही, पण रबर घातल्यावर डांबराचे नेमके काय होते आणि ते झाले की नाही हे कसे ओळखायचे, याकडे कोणी वळत नाही.

माझी बाजू आधीच सांगतो. टायरचे रबर किंवा पॉलिमर घातलेले डांबर शहरातल्या वर्दळीच्या मोठ्या रस्त्यांवर वापरावेच. पण टेंडरमध्ये ‘रबरमिश्रित डांबर’ एवढे दोन शब्द लिहून ते मिळत नाही. डांबर-खडी मिसळणाऱ्या प्लांटच्या टाकीतून निघणाऱ्या डांबराचा ताण, म्हणजे ताणून सोडल्यावर ते किती टक्के मागे येते, हे तिथल्या तिथे मोजावे लागेल आणि त्या आकड्यावर बिल अडवावे लागेल. तेवढी तयारी नसेल तर व्हीजी-४० हे साधे पण कडक प्रतीचे डांबर वापरावे आणि वाचलेले पैसे गटारांवर घालावेत.

आधी गरज काय ते पाहू. मे महिन्यात हवा ४२ अंशांवर असते तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० च्या पुढे जातो. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे व्हीजी-३० डांबर मऊ होण्याचा बिंदू मानकाप्रमाणे किमान ४७ अंश आहे. म्हणजे सिग्नलला उभ्या बसच्या चाकाखाली डांबर खडीला धरून ठेवण्याऐवजी तिला वंगण पुरवू लागते, आणि चाकोऱ्या पडतात. मग येतात पावसाळ्याचे चार महिने आणि नऊशे-हजार मिलिमीटर पाणी. ते त्याच चाकोऱ्यांत साचते. थंडीच्या पहाटे हेच डांबर कडक झालेले असते, आणि वर्षानुवर्षे हवेने जुने होत गेलेले असेल तर त्याला बारीक तडे जातात. उन्हात मऊ पडू नये आणि थंडीत तडकू नये, या दोन्ही अटी एकट्या कडक डांबराने पुऱ्या होत नाहीत. तिथे लवचीकपणा लागतो, आणि रबर-पॉलिमरचे काम तेवढेच आहे.

रबराने ते काम कसे होते? टायरमधले रबर व्हल्कनाइज केलेले, म्हणजे गंधकासोबत तापवून पक्के केलेले असते, त्यामुळे ते डांबरात वितळत नाही, फुगते. टायर फाडून, तार आणि धागे काढून, साधारण ६०० मायक्रॉनच्या आत दळलेला चुरा १७० ते १८० अंशांच्या डांबरात पाऊण ते एक तास ढवळत ठेवला की तो डांबरातली हलकी तेले शोषून दुप्पट-तिप्पट होतो. इंदुरात रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांना हे वेगळे समजावायला नको. साबुदाणा कमी भिजला तर दाताखाली कच्चा लागतो, जास्त झाला तर लगदा होतो. कमी मुरलेले रबर रस्त्यावर पडल्यानंतरही तेल पीत राहते. थर कोरडा पडतो आणि वर्ष-दीड वर्षात खडी सुटू लागते. उलट, दोनशेच्या आसपास तासन्‌तास तापवत ठेवले तर रबराच्या साखळ्या तुटतात, दाटपणा उतरतो, आणि आपण रबराचे पैसे देऊन काजळी मिसळलेले साधे डांबर विकत घेतलेले असते. चुरा दमट असेल तर टाकीत फेस चढून डांबर उतू जाते, ते वेगळेच. चुरा ट्रकच्या टायरचा असलेला बरा, कारण त्यात नैसर्गिक रबराचे प्रमाण जास्त असते.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र नुसता वेळ गेल्याने होतो. रबर डांबरापेक्षा जड असते. बडोद्याजवळच्या रिफायनरीतून टँकर निघाला असे धरा. दाहोद-झाबुआ-धार करत साडेतीनशे किलोमीटर येईपर्यंत दिवस जातो, मग प्लांटवर नंबर लागेपर्यंत रात्र. आपल्याकडच्या बहुतेक हॉट मिक्स प्लांटच्या टाक्या साध्या डांबरासाठी बांधलेल्या. त्यांना तापवायची सोय असते, ढवळायची नसते. रबर तळाशी बसते. पहिल्या ट्रकला एक डांबर जाते, शेवटच्याला दुसरेच, आणि कागदावर दोन्ही एकच. एकाच रस्त्याचा अर्धा भाग धडधाकट आणि उरलेला खरजेसारखा सुटलेला दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

पॉलिमरचे, म्हणजे मुख्यतः एसबीएस (स्टायरीन-ब्युटाडाइन-स्टायरीन) या रबरासारख्या कृत्रिम पदार्थाचे, वागणे वेगळे आहे. ते वजनाने ३ ते ५ टक्के घालून जोरदार घुसळणाऱ्या मिलमधून डांबरात एकजीव केले जाते आणि आत जाळे विणते. साठवणीत ते रबरापेक्षा पुष्कळ स्थिर राहते, महागही पडते. उड्डाणपुलाचा माथा, बसथांबा, चढावरचा सिग्नल अशा मोजक्या ठिकाणी ते परवडते. या दोहोंच्या जोडीला लोक ‘प्लास्टिकचा रस्ता’ही ओढतात, आणि तिथे सगळाच गोंधळ होतो. मदुराईचे प्रा. वासुदेवन (२०१८ चे पद्मश्री) यांनी रूढ केलेल्या पद्धतीत प्लास्टिकचे तुकडे तापलेल्या खडीवर टाकतात, त्यांचा पातळ लेप खडीवर चढतो आणि डांबर नंतर येते. तो फायदा मुख्यतः चिकटण्याचा आहे. ग्रॅनाइटसारख्या, डांबर नीट न धरणाऱ्या खडीला त्याची गरज जास्त. आपली बेसाल्टची काळी गिट्टी डांबराला मुळातच चांगली धरते. एका गावात एका कारणाने चाललेला उपाय दुसरीकडे त्याच कारणाने चालेल, हे कोणी तपासले?

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. आपले रस्ते डांबरामुळे मरत नाहीत, पाण्यामुळे मरतात, असे ते म्हणतात, आणि बहुतांश रस्त्यांपुरते ते खरे आहे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की हातभर भेगा पाडते. भिजलेल्या अवस्थेत तिचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा, दोन-तीन टक्क्यांवर येतो. ४० मिलिमीटरचा वरचा थर तिला काय सांभाळणार? त्यावर इलाज खाली आहे: मातीत ३ ते ५ टक्के चुना मिसळून तिचा फुगीरपणा मोडणे, पाणी वाहून नेणारा जीएसबीचा (पायातला खडी-मुरमाचा) थर थेट बाजूच्या नालीपर्यंत नेणे, माथ्याला दोन-अडीच टक्के उतार देणे. आपण उलट करतो. दोन्ही कडांना रस्त्यापेक्षा उंच पेव्हर ब्लॉक बसवतो, कर्ब सिमेंटने बुजवतो आणि रस्त्याचा बाथटब करतो. या शहराला हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी इंदुरात आले तेव्हा महागड्या योजनांच्या आधी नद्या-नाले आणि घरांमागची घाण साफ करण्यावर त्यांचा भर होता. त्यासाठी त्यांनी दिवाळीत मिरवणूकही काढली. त्यांचा १९१८ चा अहवाल त्यानंतरचा. स्वच्छतेत आपण तो क्रम पाळला आणि देशभर नाव कमावले. रस्त्याच्या बाबतीत मात्र आधी वरचा थर, मग नाली, मग नालीसाठी वरचा थर फोडणे!

पण या मुद्द्यातून ‘म्हणून डांबर कसलेही चालेल’ हा निष्कर्ष निघत नाही. कॉलनीतल्या ज्या गल्लीत दिवसाला चार टँकर आणि शाळेच्या व्हॅन जातात, तिथे रबराला काही काम नाही. व्हीजी-३० आणि नीट नाली पुरते. रिंग रोड, ए. बी. रोड, बायपासचे सर्व्हिस रोड, देवास आणि पीथमपूरकडचा माल वाहणारे रस्ते यांचे तसे नाही. तिथे पाया भक्कम केलेला असला तरी वरचा थर चाकोरीने, थकव्याने आणि वय झाल्याने जातो, आणि या तिन्ही व्याधी डांबराच्याच आहेत. हाडे मजबूत आहेत म्हणून कातडीला ऊन लागत नाही, असे थोडेच असते?

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो पाटीवर करता येईल अशा हिशेबाने तपासू. एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद, ४० मिलिमीटर जाड बीसीचा (बिट्युमिनस काँक्रीट, डांबर-खडीचा वरचा) थर म्हणजे २८० घनमीटर, साधारण साडेसहाशे टन माल. त्यात ५.४ टक्के डांबर धरले तर ३५ टन. सुधारित, म्हणजे रबर किंवा पॉलिमर घातलेले, डांबर टनामागे पाच हजारांनी महाग पडते असे समजा; किलोमीटरला पावणेदोन लाख वाढले. त्या थराचा एकूण खर्च चाळीस लाखांच्या घरात धरला तर वाढ साडेचार टक्क्यांच्या आत. म्हणजे पाच वर्षे टिकणारा थर जेमतेम तीन महिने जास्त टिकला तरी पैसे वसूल. खर्चाचा आक्षेप इथेच संपतो. पण हाच हिशेब रबराच्या भक्तांनाही लागू होतो: त्या ३५ टनांत दहा टक्के रबर म्हणजे साडेतीन टन, म्हणजे ट्रकचे सुमारे सव्वाशे टायर. किलोमीटरला सव्वाशे! शहरभरच्या टायरांची विल्हेवाट म्हणून याकडे पाहणे हास्यास्पद आहे. शिवाय २०२२ च्या नियमांनी टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे चुऱ्याला रस्त्याखेरीज इतरही गिऱ्हाईक आहे. रस्ता हा कचरा जिरवण्याचा खड्डा नाही. तो तसा मानला की काय होते, याचा पुरता दाखला अमेरिकेत आहे.

चार्ल्स मॅक्डॉनल्ड हे ॲरिझोनातल्या फीनिक्स शहराचे साहित्य अभियंता. १९६० च्या दशकात त्यांनी गरम डांबरात टायरचा चुरा मुरवून तडकलेल्या रस्त्यांवर ठिगळे लावायला सुरुवात केली. त्यांना टायर संपवायचे नव्हते. तडे वर येणे थांबवायचे होते. प्रमाण, तापमान, मुरण्याचा वेळ हे सारे चुकत-माकत ठरत गेले आणि ॲरिझोनात ते तंत्र मुरले. पुढे १९९१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने देशभरच्या राज्यांना फर्मान काढले: केंद्राच्या पैशातून होणाऱ्या डांबरी कामांच्या ५ टक्क्यांत १९९४ पासून टायरचे रबर वापरा, आणि १९९७ पर्यंत ते २० टक्क्यांवर न्या. हेतू टायरचे डोंगर कमी करण्याचा. अनेक राज्यांकडे ना तशा टाक्या, ना तपासणी, ना सरावलेले गडी. विरोध एवढा झाला की १९९५ मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली. ॲरिझोना मात्र ते डांबर वापरतच राहिले. पदार्थ तोच, एका ठिकाणी अभियंत्याने गुण मागितला, दुसऱ्या ठिकाणी कायद्याने प्रमाण मागितले. आपल्या टेंडरांत आज काय लिहिलेले असते? पदार्थाचे नाव.

नावाची फसवणूक किती सोपी आहे, तेही पाहा. टायरचा चुरा घातलेल्या डांबराला सीआरएमबी म्हणतात. जुन्या मानकात सीआरएमबी-५५ म्हणजे ५५ अंशांच्या आत मऊ न पडणारे, सीआरएमबी-६० म्हणजे ६० च्या आत न पडणारे. पण मऊ होण्याचा बिंदू वर न्यायला रबर लागतच नाही. डांबर जास्त तापवून जाळले किंवा मुळात कडक घेतले, तरी तो वर जातो. असे डांबर ही परीक्षा पास होते आणि पहिल्याच थंडीत तडकते. फसवता न येणारी परीक्षा दुसरी आहे. साच्यात ओतलेला डांबराचा नमुना १५ अंशांच्या पाण्यात दहा सेंटिमीटर ताणायचा, मधोमध कात्रीने कापायचा, तासभर तसाच ठेवायचा, आणि दोन्ही टोके किती मागे सरकली ते मोजायचे. साधे डांबर जेमतेम हलते. रबराचे निम्मे तरी मागे यावे, एसबीएसचे सत्तर टक्क्यांच्या वर. जळलेल्या किंवा नुसत्या कडक डांबराला हे सोंग आणता येत नाही. यंत्र साधे आहे, एसजीएसआयटीएससारखी जुनी अभियांत्रिकी संस्था शहरातच आहे, आणि निकाल अर्ध्या दिवसात मिळतो. जोडीला रबर खाली बसते का, याचीही परीक्षा हवी: नळीत भरलेले डांबर ओव्हनमध्ये १६३ अंशांवर दोन दिवस उभे ठेवायचे आणि वरच्या व खालच्या तुकड्याचा मऊ होण्याचा बिंदू ताडायचा, तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नको. नमुना मात्र टँकरच्या चलनासोबत आलेल्या डब्यातला नको, खडीवर फवारा होतो त्या नळाचा हवा, आणि दिवसाच्या पहिल्या व शेवटच्या ट्रकच्या वेळचा. रबराचे सारे रहस्य या दोन वेळांमध्ये आहे.

‘मग सिमेंटच का नको?’ पाणी साचणाऱ्या, उतार देता न येणाऱ्या गल्ल्यांत जरूर करावे. तिथे डांबराचा हट्ट धरणे चूक. पण नर्मदेच्या पाण्याची लाइन, ड्रेनेज, गॅस, केबल यांसाठी जो रस्ता दर दोन वर्षांनी फोडला जाणार आहे, तो सिमेंटचा असला की पुन्हा कधीच एकसंध होत नाही. डांबर कापून, कडांना इमल्शन (पाण्यात घोळलेले पातळ डांबर) मारून, थरागणिक भरता येते. आणि सिमेंटच्या जुन्या रस्त्यांवर आता जे डांबरी आच्छादन पडते आहे, रबराचा सर्वांत उत्तम उपयोग नेमका तिथे आहे. सिमेंटचे सांधे आणि तडे दोन-तीन पावसाळ्यांत वरच्या डांबरातून डोके काढतात. मध्ये रबरमिश्रित डांबराचा दर चौरस मीटरला दोन किलोंच्या आसपास जाड फवारा आणि त्यावर बारीक गिट्टी दाबून बसवली, तर ती गादी खालची हालचाल बरीचशी गिळते. मॅक्डॉनल्ड यांनी सुरुवात तडे थांबवण्याच्या याच कामापासून केली होती. आपल्याकडे बहुतेक वेळा टॅक कोटचा (थर चिकटवणाऱ्या पातळ डांबराचा) हलका हात मारून थेट माल ओततात.

धूर आणि विष हा तिसरा आक्षेप, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सुधारित डांबराला दहा-वीस अंश जास्त ताप लागतो. त्याचा धूर पेवरमागे (माल अंथरणाऱ्या यंत्रामागे) चालणाऱ्या मजुराच्या छातीत जातो. त्यावर वॉर्म मिक्सची रसायने आहेत, त्यांनी वीस-तीस अंश खाली येता येते. टेंडरमध्ये त्यांचा खर्च धरला पाहिजे. विषाचे म्हणाल तर २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी दाखवले की टायर टिकावा म्हणून त्यात घालतात त्या ६-पीपीडीपासून बनणारे क्विनोन कोहो सॅमन माशांना मारते. मात्र ते मुख्यतः धावत्या टायरच्या झिजेतून येते. डांबराने वेढलेल्या कणातून पाणी तेवढे काही धुऊन नेऊ शकत नाही. हे खरे राहते ते थर शाबूत असेपर्यंत. खडी सुटू लागली की रबराचे कणही सुटून शहरातल्या कान्ह-सरस्वती नद्यांत जाणार. म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीनेसुद्धा न मोजता केलेला रबराचा रस्ता साध्या डांबरी रस्त्यापेक्षा वाईट ठरू शकतो.

दबाईबद्दलही तेच. रबरमिश्रित माल दाट असतो. पेवरमध्ये पडताना तो १४० अंशांच्या आसपास हवा. ११० च्या खाली गेला की रोलर नुसता फिरतो, दाबत नाही. ताडपत्री न घातलेला डंपर विजयनगरच्या जाममध्ये पाऊण तास अडकला की तो माल गेला. टायर रोलरच्या चाकांना तो चिकटतो, म्हणून लोखंडी रोलर मागे-मागे जवळ ठेवावा लागतो. दाबलेल्या थरात हवेची पोकळी आठ टक्क्यांच्या वर राहिली तर पाणी आत शिरते, आणि असा महागडा थर नीट दाबलेल्या साध्या थराच्या आधी जातो. जुलैत घाईने होणाऱ्या पॅचवर्कमध्ये रबर घालणे तर शुद्ध उधळपट्टी: मूठभर माल, ओला खड्डा, हातरोलर, पाच मिनिटांत सगळे थंड.

तेव्हा नगर निगमाने पुढचे टेंडर काढताना रबर की पॉलिमर ही निवड ठेकेदारावर सोडावी आणि ताण, साठवणीतला फरक, कोरमधली (रस्त्यातून कापून काढलेल्या तुकड्यातली) पोकळी एवढे तीन आकडे मागावेत. ढवळणी नसलेल्या टाकीचा प्लांट सुरुवातीलाच बाद करावा. आणि रिंग रोडवर, एकाच पायावर, एकाच हंगामात, पाचशे-पाचशे मीटरचे तीन तुकडे करावेत: व्हीजी-४०, रबर, एसबीएस. दर जूनमध्ये आणि दर नोव्हेंबरमध्ये तीन मीटरची पट्टी ठेवून चाकोरीची खोली मोजावी आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला उभ्या केलेल्या फलकावर ती रंगवावी. फलक रंगवायचा खर्च मात्र एस्टिमेटमध्ये आधीच वेगळा धरून ठेवा. नाहीतर दुसऱ्या जूनपासून तो कोरा दिसेल.